चिप उद्योगाच्या वाढीचे अंदाज आणि फॅबमधील बिघाडाच्या बातम्या गुंतवणूकदाराने कशा वाचाव्यात

जून २०२२ मध्ये डब्ल्यूएसटीएस (वर्ल्ड सेमीकंडक्टर ट्रेड स्टॅटिस्टिक्स) या संस्थेने जागतिक चिप-विक्रीचा अंदाज जाहीर केला. २०२२ मध्ये विक्री १६.३ टक्क्यांनी वाढून ६४६ अब्ज डॉलरवर जाईल आणि २०२३ मध्ये आणखी ५.१ टक्क्यांची भर पडून ती ६८० अब्जांवर पोहोचेल, असे त्यात म्हटले होते. प्रत्यक्षात २०२२ ची विक्री ५७४ अब्जांच्या आसपास थांबली आणि २०२३ मध्ये ती वाढण्याऐवजी सुमारे ८ टक्क्यांनी घटून ५२७ अब्जांवर आली. दीड वर्षाच्या अवधीत अंदाज आणि वस्तुस्थिती यांत १५३ अब्ज डॉलरचे अंतर पडले. ही संस्था कोणी हौशी भविष्यवेत्ता नाही. चिप बनवणाऱ्या कंपन्याच तिच्या सदस्य आहेत आणि विक्रीचे आकडे तिला त्यांच्याकडूनच मिळतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने २०२४ साठी १३.१ टक्के वाढ आणि ५८८ अब्जांची विक्री वर्तवली, तेव्हा चूक उलट दिशेने झाली, कारण त्या वर्षीची विक्री सुमारे ६२८ अब्जांवर गेली.

मग हे अंदाज वाचूच नयेत का? वाचावेत, पण त्यांतला आकडा पाहून शेअर घेण्यासाठी नव्हे. २०२२ च्या सुरुवातीला मी स्वतः ती चूक केली आणि एका चिप कंपनीचे शेअर केवळ ‘उद्योग दुहेरी आकड्यांत वाढणार’ एवढ्या आधारावर घेतले. त्यानंतर माझी वाचण्याची पद्धत बदलली. तीच पद्धत येथे क्रमाने मांडत आहे.

अंदाजाचा आकडा नव्हे, त्यातील बदल पाहावा

पहिले काम अगदी साधे आहे. अंदाज वाचताना त्याची तारीख टिपून ठेवावी आणि त्याच संस्थेचा आधीचा अंदाज त्याच्या शेजारी लिहावा. २०२२ साठीचा वाढीचा अंदाज जूनमध्ये १६.३ टक्के होता, ऑगस्टमध्ये १३.९ झाला आणि नोव्हेंबरमध्ये थेट ४.४ टक्क्यांवर आला. यांतला कोणताही एक आकडा एकटा वाचला तर ‘वाढ’च दिसते, तिन्ही एकाखाली एक लिहिले की उतार दिसतो. २०३० पर्यंत हा उद्योग एक हजार अब्ज डॉलरचा होईल, अशा दूरच्या भाकितांचा मात्र खरेदीच्या निर्णयाशी फारसा संबंध नसतो, कारण त्या वाटेवर दोन मंद्या येऊन गेल्या तरी ते भाकीत खरे ठरू शकते आणि तुमचे भांडवल मात्र पहिल्याच मंदीत अर्धे झालेले असू शकते.

दुसरे काम थोडे किचकट असले तरी सर्वांत मोलाचे आहे. एकूण वाढीची फोड करून पाहावी. २०२४ मध्ये उद्योग १९ टक्क्यांनी वाढला, म्हणजे विक्रीत सुमारे १०१ अब्ज डॉलरची भर पडली. यांपैकी सुमारे ७३ अब्ज एकट्या मेमरी, म्हणजे माहिती साठवणाऱ्या, चिपमधून आले, कारण मेमरीची विक्री सुमारे ७९ टक्क्यांनी वाढून १६५ अब्जांवर गेली. प्रोसेसर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप ज्या लॉजिक गटात मोडतात, त्याचाही वाटा मोठा होता. हे दोन गट बाजूला काढले तर उरलेल्या उद्योगाची विक्री एकत्रितपणे वाढलीच नाही, उलट घटली. म्हणूनच कारखान्यांची यंत्रे आणि मोटारी यांना लागणाऱ्या अ‍ॅनालॉग चिप बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची विक्री त्याच ‘सोनेरी’ वर्षात सुमारे ११ टक्क्यांनी घसरली. अंदाज अचूक वर्तवूनही चुकीच्या गटातले शेअर घेणारा गुंतवणूकदार त्या वर्षी तोट्यात राहिला असता.

मेमरीबद्दल एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी लागते. ती कांद्या-टोमॅटोसारखी विकली जाते. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांचा माल बराचसा एकमेकांच्या जागी चालतो, त्यामुळे पुरवठा थोडा वाढला तरी भाव कोसळतो आणि थोडा आटला तरी उसळतो. एसके हायनिक्सला २०२३ मध्ये ७.७३ लाख कोटी वॉनचा परिचालन तोटा झाला आणि लगेच २०२४ मध्ये २३.४७ लाख कोटी वॉनचा परिचालन नफा झाला. एवढ्या थोड्या काळात कंपनीचे कारखाने किंवा माणसे बदलत नाहीत. भाव बदलतो आणि कोणत्या प्रकारची मेमरी विकली जाते ते बदलते. त्यामुळे मेमरी कंपनीचा शेअर भाव-नफा गुणोत्तर कमी दिसते म्हणून ‘स्वस्त’ समजू नये. नफा शिखरावर असतो तेव्हाच ते गुणोत्तर सर्वांत कमी दिसते.

साठ्याचे दिवस मोजावेत

वाढीच्या आकड्यामागे खरी मागणी किती आणि धास्तीने नोंदवलेल्या ऑर्डर किती, हे ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे साठा. २०२१ मध्ये चिपची टंचाई होती, तेव्हा एका ठिकाणी माल मिळेना म्हणून अनेक ग्राहकांनी तोच माल दोन-तीन ठिकाणी नोंदवून ठेवला. टंचाई सुरू तरी कशी झाली? २०२० च्या टाळेबंदीत मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर रद्द केल्या, मोकळी झालेली क्षमता संगणक आणि मोबाइलच्या चिपनी भरून टाकली, आणि मोटारींची मागणी परतली तेव्हा रांगेत जागाच उरली नव्हती. त्यातच फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासातील थंडीच्या लाटेने ऑस्टिनचे फॅब, म्हणजे चिप घडवण्याचे कारखाने, बंद पडले आणि मार्चमध्ये जपानमधील रेनेसास या चिप कंपनीच्या नाका येथील फॅबला आग लागली. त्याची झळ आपल्याकडेही पोहोचली. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने नेहमीच्या सुमारे ४० टक्केच उत्पादन होईल असे कळवले आणि महिंद्राने सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवले. काही रुपयांच्या चिपसाठी लाखोंची गाडी अडून बसली.

अशा टंचाईनंतर नोंदवलेला जादा माल एके दिवशी गोदामात येऊन पडतोच. तो मोजण्याची रीत अशी: कंपनीच्या ताळेबंदातील साठ्याला त्या तिमाहीतील विकलेल्या मालाच्या खर्चाने भागावे आणि उत्तराला तिमाहीच्या दिवसांनी गुणावे. समजा, साठा ४०० कोटींचा आहे आणि विकलेल्या मालाचा खर्च ३०० कोटी आहे, तर ९१ दिवसांच्या तिमाहीत हा साठा १२१ दिवसांचा झाला. पुढच्या तिमाहीत साठा ४५० कोटी आणि खर्च २७० कोटी झाला, तर तोच आकडा १५२ दिवसांवर जातो. साठा आणि विक्री दोन्ही वाढत असतील तर कंपनी वाढीची तयारी करत असू शकते. साठा वाढतो आणि विक्री घटते तेव्हा व्यवस्थापनाचा सूर कितीही उत्साही असला तरी पुढच्या दोन-तीन तिमाह्या जड जाणार असे गृहीत धरावे. शक्य असल्यास वितरक आणि ग्राहक कंपन्यांचा साठाही पाहावा, कारण उत्पादकाची गोदामे रिकामी आणि वितरकाची भरलेली, असेही अनेकदा घडते.

थाळीतल्या वड्या आणि करवंटीचे कण

आता उत्पादनाकडे वळू. ‘यील्ड कमी आहे’ हे वाक्य बातम्यांत नेहमी येते. यील्ड म्हणजे बनवलेल्या चिपपैकी चांगल्या निघणाऱ्यांचे प्रमाण. पण त्याचा पैशाशी असलेला संबंध क्वचितच समजावून सांगितला जातो.

नारळाच्या वड्या थापलेली गोल थाळी डोळ्यांसमोर आणावी. सुरीने चौकोन पाडले की कडेचे तुकडे अर्धवट राहतात. वड्या जितक्या मोठ्या, तितका कडेचा भाग जास्त वाया जातो. आता खोवताना किसात करवंटीचे काही कण पडले आहेत असे समजा. ज्या वडीत कण आला ती बाद. वड्या लहान असतील तर एकेका कणामागे एक लहानशी वडी जाते आणि बाकीची थाळी शाबूत राहते. वड्या मोठ्या असतील तर तेवढ्याच कणांत निम्मी थाळी बाद होते.

वेफरचे, म्हणजे ज्यावर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या गोल चकतीचे, गणित हेच आहे. प्रचलित वेफरचा व्यास ३०० मिलिमीटर असतो. त्यावर १०० चौरस मिलिमीटरच्या लहान चिप सुमारे ६४० बसतात आणि ८०० चौरस मिलिमीटरच्या मोठ्या चिप सुमारे ६४. दर चौरस सेंटिमीटरला ०.१ दोष असेल, तर नेहमीच्या ढोबळ सूत्रानुसार लहान चिपपैकी सुमारे ९० टक्के, म्हणजे ५७९ चांगल्या निघतात. मोठ्या चिपपैकी जेमतेम ४५ टक्के, म्हणजे २९ निघतात. दोषांचे प्रमाण दुप्पट होऊन ०.२ झाले की लहान चिप ५२४ वर येतात, पण मोठ्या चिप अवघ्या १३ उरतात. वेफरवर प्रक्रिया करण्याचा खर्च मात्र दोन्ही वेळा तोच असतो. तो १६,००० डॉलर आहे असे धरले, तर मोठ्या चिपचा खर्च नगामागे सुमारे ५५० डॉलरवरून १,२३० डॉलरवर जातो आणि लहान चिपचा साडेसत्तावीसवरून फक्त साडेतीस डॉलरवर. प्रत्यक्षात काही सदोष चिपचा बिघडलेला भाग बंद करून त्या कमी दर्जाच्या म्हणून विकता येतात, त्यामुळे नुकसान थोडे सौम्य होते. तरीही ‘यील्डची अडचण’ ही बातमी मोबाइलच्या चिपबद्दल आहे की सर्व्हरच्या अवाढव्य चिपबद्दल आहे, हे पाहिल्याशिवाय तिचे वजन कळत नाही.

कंपन्या यील्डचा आकडा सहसा सांगत नाहीत. तो ढोबळ नफ्याच्या प्रमाणातून ओळखावा लागतो आणि तेथे दुसरा एक घटक मध्ये येतो, तो म्हणजे फॅब किती भरलेले आहे. यंत्रांचा घसारा फॅब चालो वा न चालो लागतोच. महिन्याचा स्थिर खर्च १०० कोटी रुपये असलेल्या फॅबमधून ५०,००० वेफर निघाले तर प्रत्येकावर २०,००० रुपयांचा बोजा पडतो. ३०,००० निघाले तर तोच बोजा ३३,००० रुपयांच्या वर जातो. म्हणून ढोबळ नफा घसरला की आधी विचारावे, यंत्रे रिकामी आहेत की चिप बाद होत आहेत? मागणी आली की पहिला आजार आपोआप बरा होतो, दुसरा होत नाही. नव्या फॅबचा बोजा हे तिसरे कारण असू शकते. इतर कंपन्यांसाठी चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीने अमेरिका आणि जपानसारख्या ठिकाणच्या फॅबमुळे ढोबळ नफ्याचे प्रमाण सुरुवातीला दरवर्षी २ ते ३ टक्के अंकांनी घटेल असे आधीच सांगून ठेवले होते. असे आधी सांगितलेले कारण आणि ऐनवेळी पुढे केलेले कारण यांत फरक करावा.

बिघाडाची बातमी आली की

भाव पडलेला पाहून तातडीने काही करण्याआधी, बिघाड कोठे झाला आहे हे ठरवण्यासाठी एक संध्याकाळ द्यावी.

आग, भूकंप, वीज जाणे, रसायनात भेसळ निघणे हे अपघात असतात. जानेवारी २०१९ मध्ये टीएसएमसीच्या तैनान येथील फॅबमध्ये सदोष फोटोरेझिस्ट (वेफरवर प्रकाशाने आकृती उमटवण्यासाठी लागणारे रसायन) वापरले गेले, हजारो वेफर फेकून द्यावे लागले आणि कंपनीने त्या तिमाहीच्या विक्रीतून सुमारे ५५ कोटी डॉलर वजा केले. रक्कम मोठी वाटते. पण कंपनीचे त्या संपूर्ण वर्षाचे उत्पन्न तरीही आधीच्या वर्षापेक्षा वाढलेच. अपघातात ग्राहक पळून जात नाही, तो ताटकळत थांबतो. वेफर शेकडो टप्प्यांतून जाऊन तयार व्हायला तीन महिने किंवा अधिक लागत असल्याने नुकसान एका तिमाहीत दिसते आणि भरपाई पुढच्या तिमाहीत. मेमरीत तर एकाचा अपघात दुसऱ्याच्या पथ्यावर पडतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये किओक्सिया आणि वेस्टर्न डिजिटल यांच्या जपानमधील संयुक्त फॅबमध्ये भेसळीमुळे मोठे उत्पादन वाया गेले, तेव्हा फ्लॅश मेमरीचे भाव चढण्याची शक्यता लगेच वर्तवली गेली.

प्रक्रियाच बसत नसेल तर मामला वेगळा असतो. इंटेलची १० नॅनोमीटर प्रक्रिया, म्हणजे चिप घडवण्याच्या तंत्राची नवी पिढी, काही वर्षे रखडली, आणि जुलै २०२० मध्ये कंपनीने ७ नॅनोमीटर प्रक्रियाही यील्डमुळे मागे पडल्याचे सांगितले, तेव्हा शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्क्यांनी पडला. त्याच दिवशी प्रतिस्पर्धी एएमडीचा शेअर जवळपास तितकाच वर गेला. बाजाराने ही बातमी उशिराची न मानता ग्राहक दुसरीकडे जाण्याची मानली, आणि ते बरोबरच होते. ‘एक तिमाही उशीर’ अशी घोषणा जेव्हा दुसऱ्यांदा ऐकू येते, तेव्हा ती अपघाताच्या खात्यातून काढून या खात्यात टाकावी, असा माझा नियम आहे. तो कधीकधी अन्यायकारक ठरतो, पण महाग पडत नाही.

एनव्हिडियाच्या ब्लॅकवेल चिपचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. २०२४ मध्ये तिच्या रचनेतील दोषामुळे यील्ड कमी येत होते. कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी तो दोष पूर्णपणे एनव्हिडियाचाच असल्याचे जाहीरपणे मान्य केले आणि टीएसएमसीच्या मदतीने तो दुरुस्त झाला. दोष रचनेत असेल, कंपनीने तो नेमका ओळखला असेल आणि ग्राहकाला पर्याय नसेल, तर नुकसान वेळेचे होते, बाजारपेठेचे होत नाही.

उशीर कोणाच्या खिशाला लागतो, हेही साखळीभर तपासावे. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी तांत्रिक चुकीने एक दिवस आधीच प्रसिद्ध झालेल्या, चिप बनवण्याची यंत्रे विकणाऱ्या एएसएमएलच्या निकालात नव्या ऑर्डर अवघ्या २.६ अब्ज युरोच्या निघाल्या आणि शेअर सुमारे १६ टक्क्यांनी कोसळला. दोनच दिवसांनी टीएसएमसीने उत्तम निकाल देऊन वर्षाचा अंदाज वाढवला. एकाच आठवड्यातले हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाहीत. काही ग्राहकांनी नवी फॅब लांबणीवर टाकली म्हणून यंत्रे विकणाऱ्याची मागणी घटली, आणि ज्याच्याकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपचे काम होते त्याची फॅब भरलेली राहिली.

सर्वांत दुर्लक्षित धोका म्हणजे फॅब वेळेत उभे राहते आणि माल घेणारे येत नाहीत. सिलिकॉन कार्बाइडच्या वेफरमध्ये अग्रेसर असलेल्या वुल्फस्पीडने विजेवरील मोटारींच्या भरवशावर कर्ज काढून क्षमता वाढवली. मागणी अपेक्षेइतकी आली नाही, चिनी स्पर्धा वाढली आणि जून २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. ज्या मोटारींच्या वाढीवर तिने भिस्त ठेवली होती, ती वाढ पूर्णपणे खोटी नव्हती. कर्जाचे हप्ते मात्र तिच्या आधी येऊन ठेपले. म्हणून भांडवली खर्चाची घोषणा वाचताना रोख प्रवाह आणि कर्जफेडीच्या तारखा शेजारी ठेवाव्यात.

दर महिन्याचे दोन आकडे

दक्षिण कोरिया दर महिन्याच्या १ तारखेला मागील महिन्याची निर्यात जाहीर करतो आणि त्यात चिपची निर्यात वेगळी दिलेली असते. टीएसएमसी साधारण १० तारखेला मागील महिन्याचे उत्पन्न जाहीर करते. हे दोन्ही झालेल्या व्यवहारांचे आकडे आहेत, भाकिते नव्हेत, आणि फुकट मिळतात. एका महिन्याच्या चढउतारावर जाऊ नये. तीन महिन्यांची सरासरी काढून ती आधीच्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहावी. मी हे आकडे वहीत हाताने लिहितो. त्याने फार काही साध्य होते असे नाही, पण लिहिताना डोळा थबकतो.

भारतातील घोषणा

आपल्या बाजारात अडचण वेगळीच आहे. येथे पाहण्याजोगे यील्ड अजून फारसे नाही, घोषणा मात्र भरपूर आहेत. तळेगावात येणार म्हणून ज्याची चर्चा होती तो वेदांता-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटी रुपयांचा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातकडे गेला. त्यावर महाराष्ट्रात मोठे राजकारण झाले, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतले. सामंजस्य करार, मंत्रिमंडळाची मंजुरी, बांधकाम, यंत्रांची उभारणी, चाचणी उत्पादन आणि ग्राहकाची मान्यता या पायऱ्या आहेत. बातमी कोणत्या पायरीची आहे ते आधी ठरवावे.

फॅब आणि जुळणी-चाचणी कारखाना यांतही गल्लत होते. धोलेरा येथील टाटा आणि तैवानच्या पीएसएमसी यांचा ९१,००० कोटींचा प्रकल्प हे फॅब आहे, म्हणजे तेथे वेफरवर चिप घडवल्या जाणार आहेत. साणंद येथील मायक्रॉन, सीजी पॉवर आणि केन्स यांचे, तसेच आसाममधील जागीरोड येथील टाटांचे काम हे तयार चिप कापून, बंदिस्त करून तपासण्याचे आहे. त्यातील भांडवल, जोखीम आणि नफा फॅबपेक्षा कमी असतो. टाटा इलेक्ट्रॉनिक्स शेअर बाजारात नोंदलेली नाही. सीजी पॉवर आणि केन्स नोंदलेल्या आहेत, पण त्यांचा आजवरचा व्यवसाय मुख्यतः अनुक्रमे मोटर-स्विचगिअर आणि इलेक्ट्रॉनिक जुळणीचा आहे, त्यामुळे त्यांच्या भावात चिपच्या आशेचा हिस्सा किती हे स्वतः मांडून पाहावे लागते. आणि केवळ नावात ‘सेमीकंडक्टर’ शब्द आहे म्हणून एका छोट्या कंपनीचा भाव कित्येक पटींनी चढला, तेव्हा आपण अद्याप चिपचे उत्पादन सुरूच केलेले नाही, असे त्या कंपनीलाच शेअर बाजाराला कळवावे लागले.

परदेशातील शेअर थेट घ्यायचे असल्यास उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरावे लागते. ते आर्थिक वर्षाचे नसून कॅलेंडर वर्षाचे असते, आणि येथेच बहुतेकांची चूक होते.

धोलेऱ्याहून पहिल्या चिपचे छायाचित्र येईल तेव्हा वर्तमानपत्रे ते पहिल्या पानावर छापतील आणि ते योग्यच होईल. गुंतवणूकदाराने त्या दिवशी एवढेच शोधावे: महिन्याला ५०,००० वेफरच्या नियोजित क्षमतेपैकी किती वेफर आत जात आहेत, त्यातून निघणारा माल कोणत्या ग्राहकाने तपासून स्वीकारला आहे, आणि यंत्रांचा घसारा कोणत्या तिमाहीपासून खात्यावर पडू लागणार आहे.